गुरुवारचा आकडा

टोलीडोत गुरुवारी सकाळी साडेआठला आकडा फुटतो.
शब्द माझा नाही, इचलकरंजीच्या पानटपरीवरचा आहे;
तिथंही लोक असेच श्वास धरून उभे असायचे
आणि पैसे लावले नसले तरी हळहळायचे.

मी बेकारभत्त्याचे फोन घेतो.
मार्चपासून कचेरी माझ्या स्वयंपाकघरात:
एक हेडफोन, दोन पडदे, पलीकडे मैद्याचा डबा
आणि डबा ठेवलेला तो चपटा काटा,
सुनीतीनं पाव करायचे म्हणून मागवलेला.
पाव दोनदाच झाले.

सुनीती रात्रपाळीला असते, श्वासाच्या यंत्रांवर.
सातला येते. गॅरेजमध्येच कपडे उतरवून
पिशवीला गाठ मारते,
अनवाणी, गार फरशीवरून, थेट न्हाणीघरात.
तिच्या नाकावर मास्कचा वळ, माझ्या कानांवर हेडफोनचा.
"किती?" असं आम्ही एकमेकांना विचारत नाही.
तिचा आकडा तिच्यापाशी, माझा माझ्यापाशी,
मध्ये चहा.

टीव्हीवर एक गृहस्थ रोज तराजू दाखवतात.
पितळी, झळाळता, कुणीतरी संगणकावर काढलेला.
एका पारड्यात फुप्फुसं, दुसऱ्यात कुलूप घातलेलं दुकान.
माझे वडील मार्केट यार्डात मापाडी होते.
म्हणायचे, आधी रिकामी पारडी बघावीत.
रिकामीच समान नसतील
तर पुढचं सगळं मापात पाप.

वांडा पिएत्रास. वय एकसष्ट.
बोलिंगच्या हॉलमध्ये भाड्याचे बूट देते, एकतीस वर्षं.
"माणूस दारातून आत आला
की मला त्याच्या पायाचा नंबर कळतो," पहिल्याच फोनवर म्हणाली.
मी हसलो. बाहेर एप्रिलचा चुकार बर्फ पडत होता.
मी तिला तिचा नंबर दिला, अकरा आकडी.

मेअखेरीस पुन्हा तिचा फोन.
बोलिंग उघडतंय, मालकानं बोलावलंय.
घरी नवरा, काचकारखान्यानं खाल्लेली छाती,
जिना चढताना तीनदा थांबतो.
नाही गेली तर भत्ता बंद. गेली तर
परक्या पायांची ऊब असलेले बूट दिवसभर हातात,
आणि मग घर.
"तू सांग," ती म्हणाली. "तू सरकार आहेस."

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना
हे मला इंग्रजीत सुचलं नाही.
फोन रेकॉर्ड होत होता.
पडद्यावर होतं ते वाचून दाखवलं:
देऊ केलेलं योग्य काम तुम्ही नाकारलं आहे का?
हो किंवा नाही.
तिच्यामागे कुणीतरी खोकत होतं.
गाडी जाईपर्यंत फाटकाशी थांबावं
तसे आम्ही दोघं थांबलो.
"नाही लिही," ती म्हणाली.
"नंबर अजून लक्षात आहेत माझ्या."

मी 'नाही' लिहिलं.
ती माझ्या यादीतून गेली.

जूनमध्ये आकडा उतरला. शेअरबाजार वधारला.
गृहस्थांच्या पारड्यातल्या दुकानाचं कुलूप निघालं.
आकडा उतरायला वाटा तीन:
काम लागलं तर,
नाव कापलं तर,
आणि तिसरी सुनीतीच्या मजल्यावरून जाते.
बेरीज मांडणाऱ्याला पायऱ्या दिसत नाहीत.

एका सकाळी चहा निवत असताना
सुनीती बोलली. नावं ती सांगत नाही, तसा कायदाच आहे.
एवढंच म्हणाली: रात्री एका बाईला नळी घालायची होती.
गुंगी चढण्याआधी तिनं माझ्या पायांकडे पाहिलं,
पिशव्या चढवलेल्या बुटांकडे,
आणि म्हणाली, साडेसहा.

"बरोबर आहे?" मी विचारलं.
माझी बायको, अकरा वर्षांचा संसार,
आणि मला माहीत नव्हतं.

"बरोबर आहे."

तिनं डबा उचलून फळीवर ठेवला.
काटा शून्यावर आला.
गुरुवार होता. सव्वाआठ.